पाण्याचे ग्लास, बटणांच्या ओळी, मातीचे गोळे: मुलांच्या विचारांच्या चाचण्या नीट कशा घ्यायच्या?

खडूफळा

डी.एल.एड., बी.एड.च्या उत्तरपत्रिकेत मुलांच्या विचारवाढीच्या चार अवस्थांचा, स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेचा, तक्ता सगळ्यांना पाठ असतो. ०–२ संवेदक-कारक, २–७ क्रियापूर्व, ७–११ मूर्त क्रियात्मक, ११ च्या पुढे औपचारिक क्रियात्मक. पण प्रात्यक्षिकाला मूल समोर बसलं की चाचणी हमखास फसते. कारण सोपं आहे. गाइडमध्ये "पाणी उंच ग्लासात ओतावे व कशात जास्त ते विचारावे" एवढ्या एका वाक्यात प्रयोग उरकलेला असतो. मुलाचं उत्तर त्याच्या विचारातून आलं की आपल्या प्रश्नातून, हे ज्या बारकाव्यांवर ठरतं ते कुणी लिहीतच नाही. म्हणून हा धागा. तीन मूळ चाचण्यांची कृती देतो, बाकीच्यांची भर जाणकारांनी घालावी.

या तिन्ही चाचण्या एकाच गोष्टीच्या आहेत: मांडणी किंवा आकार बदलला तरी प्रमाण तेच राहतं, ही समज. पुस्तकी नाव कॉन्झर्व्हेशन.

बटणं. दोन रंगांची, बाकी हुबेहूब एकसारखी ७-७ बटणं घ्या. तीनचार घेऊ नका, तेवढी मूल न मोजता नजरेनंच ओळखतं. दहाबारा घेतलीत तर मोजण्याच्या चुका मध्ये येतात. तुमची ओळ आधी लावा आणि दुसरी ओळ मुलालाच लावू द्या, तुमच्या प्रत्येक बटणासमोर त्याचं एक. मग विचारा: "दोन्ही ओळींत सारखी बटणं आहेत, का तुझ्या ओळीत जास्त, का माझ्या?" मूल "सारखी" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. आता त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ पसरवा, बटणांमधलं अंतर साधारण दुप्पट होईल इतकी. तोच प्रश्न तसाच, तिन्ही पर्यायांसकट. उत्तर आलं की "कशावरून?" नंतर ओळ पूर्ववत करा आणि दुसरी ओळ जवळ ओढून पुन्हा एक फेरी घ्या. एकाच फेरीवर निष्कर्ष काढू नये, कारण तीन पर्यायांत नुसत्या अंदाजानंही तिनात एकदा बरोबर येतं.

पाणी. दोन एकसारखे पारदर्शक ग्लास आणि तिसरा उंच, अरुंद. स्टीलचे पेले चालणार नाहीत, बाहेरून पातळीच दिसत नाही. पाण्यात थोडं कोकम किंवा खाण्याचा रंग टाका. माप असं ठेवा: आतून साडेसहा सें.मी. व्यासाच्या ग्लासात १५० मि.ली. पाणी सुमारे साडेचार सें.मी. चढतं, आणि ४ सें.मी. व्यासाच्या ग्लासात तेच पाणी जवळजवळ १२ सें.मी. एवढा फरक असला की तो मुलाच्या डोळ्यांत भरतो. सुरुवातीला दोन्ही ग्लास सारखे भरल्याची खात्री मुलाकडूनच करून घ्या. "यात थोडं कमी आहे" म्हणालं तर ड्रॉपरनं त्यालाच भरू द्या. ओततांना एक थेंबही बाहेर जाता कामा नये. सांडलं आणि मूल "आता कमी झालं" म्हणालं, तर त्याचं उत्तर बरोबर असतं आणि आपली नोंद चुकीची.

माती. शाडूचे ५०-५० ग्रॅमचे दोन गोळे, वजनकाट्यावर तोलून. कणीक हाताला चिकटते, तिचा भरवसा नाही. एका गोळ्याची लांब वळकटी करा, दुसऱ्या फेरीत पोळी, तिसऱ्या फेरीत पाचसहा तुकडे. इथे प्रश्न तीन वेगळे आहेत: माती तेवढीच का, वजन तेवढंच का, आणि पाण्यात बुडवलं तर पाणी तेवढंच वर चढेल का. पियाजेला या तिन्हींची बरोबर उत्तरं एकाच वेळी मिळाली नाहीत. मातीचं साधारण सातआठच्या सुमारास, वजनाचं नवाच्या आसपास आणि आकारमानाचं अकराबाराला. तेच मूल, तोच गोळा, तरी उत्तरांमध्ये वर्षांचं अंतर. तक्त्यातल्या "७ ते ११" या रकान्यात हे अंतर गायब होतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

नोंद. नुसतं "सारखं" एवढ्यावर गुण देऊ नका, कारण लिहा. पक्की कारणं तीन प्रकारची असतात. "काही घातलं नाही, काढलं नाही." "परत त्यात ओतलं तर तेवढंच होईल." "उंच आहे पण बारीक आहे." एकदा सारखं, एकदा जास्त असं डळमळणारं मूल वेगळ्या रकान्यात घाला. या डळमळणाऱ्या मुलांकडेच सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं, आणि नेमकी तीच "नापास"मध्ये ढकलली जातात.

---

चिंचोका

कृती उत्तम, पण एक मोठी खोच राहिली. तोच प्रश्न दोनदा विचारणं हीच मुळात अडचण आहे. शिक्षकानं तोच प्रश्न पुन्हा विचारला तर त्याचा अर्थ "पहिलं उत्तर चुकलं", हे बालवाडीतल्या मुलालाही ठाऊक असतं. त्यात मधल्या वेळेत मोठ्या माणसानं मुद्दाम ओळ पसरवली. मूल विचार करतं, यांना काहीतरी बदललेलं ऐकायचं आहे.

१९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक यांनी बदलाआधीचा प्रश्न काढून टाकला आणि एकदाच, शेवटी विचारलं. चुका कमी झाल्या. त्याच सुमारास मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी एडिंबरामध्ये ४ ते ६ वर्षांच्या मुलांसोबत "खोडकर टेडी" आणला. ओळ माणूस हलवत नाही, पेटीतून निसटलेला टेडी येऊन विस्कटतो. नेहमीच्या पद्धतीत जेमतेम १६ टक्के बरोबर होते, टेडीनं विस्कटल्यावर सुमारे ६३ टक्के.

म्हणून दोन दुरुस्त्या सुचवतो. एक, अर्ध्या मुलांना बदलानंतर एकदाच विचारा. आधी सारखेपणा मान्य करून घ्यायचा तो प्रश्नानं नाही, कृतीनं: मुलालाच जोड्या लावू द्या. दोन, विस्कटण्याचं काम बाहुलीकडे किंवा माकडाच्या खेळण्याकडे द्या.

पण टेडीवर आंधळा विश्वास नको. टेडीच्या गमतीत मूल इतकं रमतं की बदल बघतच नाही आणि जुनंच "सारखं" सांगतं. हे पकडायला एक ताळ्याची फेरी हवीच: टेडी या वेळी खरोखर एक बटण पळवतो. तरीही मूल "सारखं" म्हणालं तर आधीची बरोबर उत्तरंही मोजू नका.

---

अंगणवाडी_ताई

सर, एक व्यवहारातला मुद्दा. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला "जास्त" म्हणजे "मोठं, लांब, उंच" असंच वाटत असतं. "कुठल्या ओळीत जास्त?" विचारलं की ते लांब ओळ दाखवतं. मग त्याला संख्या कळत नाही म्हणायचं का शब्द?

---

खडूफळा

ताई, अगदी कळीचा प्रश्न. चाचणीच्या आधी दोन मिनिटांची शब्दांची फेरी घ्या. एका ताटलीत २ बिस्किटं, दुसरीत ५. "कुठे जास्त?" हे सगळ्यांना येतं. खरी फेरी पुढची: एका ताटलीत २ मोठी बिस्किटं, दुसरीत ५ छोटी, आणि विचारा "कुठली बिस्किटं संख्येनं जास्त? मोजायची झाली तर कुठली जास्त भरतील?" इथे गोंधळलेल्या मुलाची बटणांची चाचणी त्या दिवशी घेऊच नका. पाण्याच्या चाचणीत नुसतं "कशात जास्त?" विचारणं टाळता येतं. "दोघांना प्यायला सारखंच मिळेल, का एकाला जास्त प्यायला मिळेल?" असं विचारलं की पातळीऐवजी पाण्याकडे लक्ष जातं.

आणि तिन्ही पर्यायांचा क्रम दर वेळी बदला. लहान मुलं शेवटी ऐकलेला पर्याय उचलतात.

चिंचोका, ताळ्याच्या फेरीशी शंभर टक्के सहमत. मूळ कृतीतच घालायला हवी.

---

तिसरी_ब

धागा उपयोगी आहे, त्यात एक प्रश्न सरकवतो. साडेतीन-चार वर्षांची कितीतरी मुलं शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतात. पालक खूश. पण "सात शेंगदाणे दे" म्हटलं की मूठभर हातात ठेवतात. हे कसं? आणि पहिलीत याचं काय करायचं?

---

चिंचोका

आकडे म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. आकडे म्हणणं हे बडबडगीतासारखं पाठांतर. मोजायला काय काय लागतं ते गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये पाच तत्त्वांत मांडलं: प्रत्येक वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती, वस्तू कसल्याही असल्या तरी चालतं, सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच.

तुम्ही म्हणता ती मुलं बहुधा तिसऱ्या तत्त्वावर अडलेली असतात. तपासायची पद्धत सोपी आहे, तिला "गिव्ह-एन" म्हणतात. कॅरन विन यांच्या १९९० च्या कामानंतर ती सर्रास वापरली जाते. वाटीत १५ शेंगदाणे आणि एक बाहुली. "बाहुलीला एक दे." बरोबर दिला तर दोन, मग तीन. चुकलं की एक आकडा खाली या, बरोबर आलं की पुन्हा वर. ज्या आकड्यावर तीनपैकी दोनदा बरोबर येतं तो त्या मुलाचा टप्पा. प्रत्येक वेळी दिल्यावर विचारायचं, "हे चार आहेत का? मोजून दाखव बरं," आणि चुकलं असेल तर दुरुस्त करायची संधी द्यायची.

यातून टप्पे स्पष्ट दिसतात. आधी मुलाला फक्त "एक" कळतो, बाकी सगळे आकडे म्हणजे "पुष्कळ". काही महिन्यांनी "दोन", मग "तीन", कधी "चार". आणि त्यानंतर बहुतेक मुलांना पाच, सहा, सात हे एकेक करून शिकावं लागत नाही. मोजण्याचा अर्थच उमगतो आणि मग येत असलेले सगळे आकडे वापरता येतात. साधारण साडेतीन ते चारच्या दरम्यान, पण मुलांमुलांत फरक मोठा. मूठ भरून देणारं मूल या उडीच्या अलीकडे आहे. त्याला शंभरऐवजी दोनशेपर्यंत पाठ करायला लावून ही उडी येणार नाही.

काय करावं: पाचच्या आतल्या संख्यांवर रेंगाळा. आधी एकूण सांगा, मग मोजून दाखवा: "या तीन वाट्या. एक, दोन, तीन. तीन वाट्या." शेवटचा आकडा आणि एकूण यांची गाठ कानावर पडत राहिली पाहिजे. नुसतं "एक, दोन, तीन, शाब्बास" म्हणून थांबलात तर ती गाठ बसत नाही.

---

तिसरी_ब

धन्यवाद, हे लगेच वापरता येईल. दोन अंकी संख्यांबद्दलही कुणी लिहा. बेचाळीस सांगितलं की २४ लिहिणारी मुलं दर वर्गात असतात. पालक लगेच "डिस्लेक्सिया आहे का" विचारतात.

---

खडूफळा

नुसत्या एवढ्यावरून तसं काही म्हणता येत नाही. मराठीत एकक आधी बोललं जातं, लिहिताना मात्र दशक आधी. कानावर पडलेल्या क्रमानं लिहिणारं मूल बेचाळीसचा "बे" आधी लिहितं. जर्मन मुलांनाही हाच त्रास होतो, त्यांच्याकडेही एकक आधी येतं. त्यात आपल्याकडे एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत पुढच्या दशकातून एक वजा करायचा, आणि नव्याण्णवला तो नियमही मोडायचा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" ही वाचनाची पद्धत आली तेव्हा भाषा बुडाली म्हणून केवढा गदारोळ झाला. डॉ. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मुद्दा भाषेचा नव्हताच, मुलाच्या डोक्यावर एकाच वेळी किती ओझं पडतं याचा होता. दोन्ही वाचनं शेजारीशेजारी ठेवली तर भाषेचं काही बिघडत नाही, असं माझं मत.

वर्गात: दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबरबँडनं बांधून, सुट्या काड्या वेगळ्या. "बेचाळीस" म्हटल्यावर आधी चार गठ्ठे उचलायचे, मग दोन सुट्या, आणि मगच लिहायचं. हात आधी दशकाकडे गेला की पेन्सिलही जाते. सराव चालू असूनही दुसरीच्या शेवटी तेच चालू असेल, आणि वाचनातही अक्षरांची ओळख अडखळत असेल, तर तपासणीचा विचार करा.

---

बोबडी_बोली

धागा सगळा संख्या-प्रमाणावर चाललाय. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे मुलाला कधी कळतं, ही चाचणी निम्म्या ठिकाणी चुकीची घेतली जाते, म्हणून लिहिते.

मूळ कल्पना विमर आणि पर्नर यांची, १९८३. सॅली आणि ॲन या दोन बाहुल्यांची आवृत्ती बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांची, १९८५. दोन बाहुल्या घ्या, चिंगी आणि बंड्या. एक झाकणाची टोपली, एक डबा, एक गोटी. चिंगी गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. बंड्या गोटी काढून डब्यात ठेवतो. चिंगी परत येते. प्रश्न: "चिंगी गोटी आधी कुठे शोधेल?"

इथे तीन चुका होतात.

पहिली, "चिंगीनं कुठे शोधायला पाहिजे?" असं विचारणं. शोधायला डब्यातच पाहिजे ना, गोटी तिथे आहे! मूल बरोबर उत्तर देतं आणि आपण चूक मांडतो. "आधी" हा शब्दही गाळू नका. सीगल आणि बीटी यांनी १९९१ मध्ये दाखवलं की तेवढ्या एका शब्दानं तीन वर्षांच्या मुलांची उत्तरं सुधारतात.

दुसरी, ताळ्याचे प्रश्न न विचारणं. "चिंगीनं गोटी सुरुवातीला कुठे ठेवली होती?" आणि "आत्ता गोटी खरी कुठे आहे?" या दोन्हींची उत्तरं बरोबर असतील तरच मुख्य उत्तर मोजायचं. नाहीतर आपण स्मरणशक्ती मोजतोय.

तिसरी, चिंगीला नुसतं पाठमोरं करणं. ती खोलीबाहेर, दारामागे गेली पाहिजे, आणि जाताना मुलाला दिसली पाहिजे. नाहीतर मुलाला वाटतं तिनं चोरून पाहिलं असेल.

तीन वर्षांची बहुतेक मुलं "डब्यात" म्हणतात, पाचची बहुतेक "टोपलीत". जोडीला दुसरी चाचणी घ्या: बिस्किटाच्या पुड्यात पेन्सिली भरून ठेवायच्या. "यात काय असेल?" "बिस्किटं." उघडून दाखवा, बंद करा. "उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?" तीन वर्षांचं मूल बेधडक सांगतं, "पेन्सिली." खोटं बोलत नसतं. काही क्षणांपूर्वीचा स्वतःचा समज आणि आत्ताचं ज्ञान त्याला वेगवेगळं धरता येत नाही. म्हणून या वयात "तू मघाशी असं का म्हणालास?" म्हणून उलटतपासणी करण्यात फारसा अर्थ नसतो.

एक इशारा. १९८५ च्या त्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या २० पैकी १६ मुलं चुकली, तर डाऊन सिंड्रोमच्या १४ पैकी १२ जणांना जमलं. त्यामुळे ही "ऑटिझमची टेस्ट" असल्याचा समज पसरला. तशी ती नाही. चार मुलं पास झाली होती हे विसरू नका, आणि भाषा मागे असलेलं कुठलंही मूल इथे अडतं.

---

लंबक

सगळं ठीक, पण एक विचारू का? अवस्था-बिवस्था आता कालबाह्य झाल्यात असं वाचतो. रेने बाय्यारजाँ यांनी ऐंशीच्या दशकात दाखवलंच की चारपाच महिन्यांच्या बाळालाही झाकलेली वस्तू अस्तित्वात असल्याचं कळतं. मग "आठ महिन्यांच्या आत ते कळत नाही" हा पियाजेचा आकडा कशाला कवटाळायचा?

---

चिंचोका

दोघांनी वेगवेगळं मोजलं. बाय्यारजाँच्या प्रयोगात बाळ फक्त बघतं. मागे ठोकळा असूनही फळी त्यातून आरपार मागे पडल्यासारखी दिसली की ते जास्त वेळ टक लावतं. पियाजेच्या चाचणीत बाळानं फडकं उचलून वस्तू शोधायची असते. नजरेला जे "काहीतरी गडबड आहे" वाटतं ते हातापर्यंत पोचायला महिने जातात. टक लावण्याचा अर्थ नेमका किती काढायचा यावर अजून वाद आहेत, पण हातानं शोधण्याचा क्रम मात्र पुन्हापुन्हा दिसला आहे.

घरी करून बघायचं असेल तर: ९–१० महिन्यांचं बाळ मांडीवर, समोर हाताच्या अंतरावर दोन एकसारखी फडकी. खेळणं डावीकडच्या फडक्याखाली, बाळ काढतं. असं तीनदा. चौथ्यांदा त्याच्या डोळ्यांसमोर उजवीकडे लपवा, पाच ते सात सेकंद थांबून हात मोकळे सोडा. बाळ बघूनसवरून डावीकडेच जातं. थांबण्याचा वेळ इथे सगळं ठरवतो. अडेल डायमंड यांनी १९८५ मध्ये बाळांना महिनोन्महिने तपासलं. साडेसात महिन्यांना दोन सेकंदांच्या आतच चूक होते, वर्षाच्या बाळाला चुकवायला दहा सेकंदांहून जास्त थांबावं लागतं. दर महिन्याला साधारण दोन सेकंदांची भर. लपवल्या लपवल्या हात सोडलेत तर चूक दिसणारच नाही आणि "आमचं बाळ पुढे आहे" असा गैरसमज होईल. बाळाची मान आणि नजर उजवीकडेच खिळलेली असली तरीही चूक दिसत नाही.

---

लंबक

बरं, हे पटलं. पण वरच्या टोकाचं काय? "११ नंतर अमूर्त विचार" हे वाक्य तर सरळ खोटं आहे. दहावीच्या मुलांनाही दोन चलांपैकी एक स्थिर ठेवायचं सुचत नाही.

लंबकाचा प्रयोग, इन्हेल्डर आणि पियाजे यांचाच, देऊन बघा. दोरा आणि दोन वजनं (१० आणि ५० ग्रॅमची चालतील). प्रश्न: झोका जलद की सावकाश हे कशावर ठरतं? दोऱ्याची लांबी, वजन, किती उंचीवरून सोडला, का किती जोरात ढकलला? २५ सें.मी. दोऱ्यावर दहा हेलकाव्यांना जवळपास १० सेकंद लागतात, १०० सें.मी.वर २०. म्हणजे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर फरक स्पष्ट दिसतो. एक हेलकावा मोजू नका, दहा मोजा, कारण बटण दाबण्यातच पावएक सेकंद इकडेतिकडे होतो. दोऱ्याची लांबी गाठीपासून वजनाच्या मध्यापर्यंत धरा. मोठं वजन लावल्यावर त्याचा मध्य खाली सरकतो, लांबी नकळत वाढते आणि मुलं प्रामाणिकपणे "वजनानं फरक पडतो" लिहितात. दोरा तेवढा आखडून घ्यायचा. आणि झोका फार उंचावरून सोडू नका, मोठ्या कोनात वेळ थोडा वाढतो.

मुलं काय करतात बघा: लांब दोरा आणि जड वजन एकदम घेतात, मग आखूड दोरा आणि हलकं वजन, आणि ठणकावून सांगतात "दोन्हींमुळे". त्यांना सूत्र येत असतं, तरीही!

---

खडूफळा

लंबक, निरीक्षण बरोबर, पण त्यावरून अवस्था मोडीत निघत नाहीत, तक्त्यातली वयं निघतात. पियाजेनं १९७२ मध्ये स्वतःच लिहिलं होतं की हा टप्पा सगळ्यांना गाठता येईल, पण आपापल्या आवडीच्या आणि कामाच्या क्षेत्रात, आणि वयही मागेपुढे होईल. क्रम टिकतो, वय सरकतं. वय कशानं सरकतं त्याची दोन उदाहरणं घ्या. मेक्सिकोतल्या कुंभारांची मुलं मातीच्या गोळ्याच्या चाचणीत आसपासच्या इतर मुलांच्या पुढे निघाली (प्राइस-विल्यम्स आणि सहकारी, १९६९). आणि ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणारी ९ ते १५ वर्षांची मुलं: ३५ क्रुझेइरोचा एक नारळ, दहा नारळांचे किती? मुलगा म्हणतो, तिनाचे १०५, आणखी तिनाचे मिळून २१०, अजून चार हवेत… ३१५… ३५०. गाड्यावर ९८ टक्के हिशेब बरोबर, आणि तेच आकडे कागदावर उदाहरण म्हणून दिले की ३७ टक्के (काराहेर, काराहेर, श्लिमान, १९८५). पाचच मुलं होती, हे लक्षात ठेवून वाचा. पण आठवडी बाजारात भाजी विकणारं मूल गणितात "कच्चं" ठरतं तेव्हा चाचणी कुठे घेतली, हे आधी विचारायला हवं.

---

अंगणवाडी_ताई

मग आम्ही ३ ते ६ च्या मुलांना या गोष्टी शिकवायच्या का? प्रशिक्षणात कुणी म्हणतं वाट बघा, कुणी म्हणतं सराव घ्या.

---

बोबडी_बोली

चाचणीचा सराव नको, एवढं नक्की. "ग्लास बदलला तरी सारखंच म्हणायचं" हे दोन दिवसांत पाठ होतं आणि तिसऱ्या दिवशी मातीच्या गोळ्यावर कोलमडतं. ज्या गोष्टींमुळे ही समज येते त्या मात्र भरपूर हव्यात, आणि त्या अंगणवाडीत फुकट आहेत. पाण्याचं टब, वेगवेगळ्या तोंडाच्या बाटल्या, एकच मापाचा पेला: "या बाटलीत किती पेले मावतात?" धान्य मोजणं, खाऊ वाटणं, एकास एक जोड्या. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख, शिंपले, बिया, काड्या हीच साधनं उभी केली होती, ती आजही पुरतात.

आणखी दोन खेळ. एक, फुलांचा. ६ झेंडू, २ शेवंती. "झेंडू जास्त का फुलं जास्त?" सहाच्या आतली मुलं "झेंडू" म्हणतात, कारण ती झेंडूची तुलना उरलेल्या शेवंतीशी करतात. मग विचारा, "सगळ्या फुलांचा हार केला आणि फक्त झेंडूचा केला, तर कुठला लांब होईल?" काहींना तिथे लख्ख दिसतं.

दोन, पत्त्यांचा. लाल मासा, निळं पान अशी सहासहा कार्डं. समोर दोन खोकी, एकावर लाल पान, दुसऱ्यावर निळा मासा. आधी रंगानं लावायची. सहा झाली की "आता रंगाचा खेळ संपला, आकाराचा खेळ." तीन वर्षांचं मूल रंगानंच लावत राहतं. गंमत म्हणजे "आकाराच्या खेळात मासे कुठे जातात?" विचारलं की बोट बरोबर खोक्याकडे दाखवतं, आणि हातातला मासा तरी रंगाच्या खोक्यात! नियम माहीत असणं आणि जुना नियम हातातून सोडणं यांत वर्ष-दीड वर्षाचं अंतर असतं. सहापैकी पाच बरोबर आले तर जमलं समजा. या वयाच्या मुलाला "किती वेळा सांगितलं!" म्हणून ओरडणाऱ्यांना हा खेळ जरूर दाखवा.

---

तिसरी_ब

शेवटचा प्रश्न. यातल्या कुठल्या चाचणीत मूल अडलं तर डॉक्टरांकडे पाठवायचं?

---

बोबडी_बोली

यातल्या कुठल्याच नाही. या चाचण्या विचारांची पद्धत बघायला आहेत, गाळणी म्हणून नाहीत. पाठवायच्या खुणा वेगळ्या: दीड वर्षापर्यंत बोटानं काही दाखवत नाही, नावानं हाक मारल्यावर वळत नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी येत असलेले शब्द किंवा कौशल्य कुठल्याही वयात गेलं, तर एक आठवडाही थांबायचं नाही. पहिल्यांदा श्रवण तपासा, बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथे निघतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यांच्याकडे नाव लिहून द्या. ते पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

---

खडूफळा

ताळ्याच्या फेरीसकट नोंदीचे रकाने असे ठेवा, एका मुलाला एक ओळ: वय वर्षं-महिन्यांत, शब्दांची फेरी जमली का, प्रश्न एकदा का दोनदा, बदल कुणी केला (माणूस / बाहुली), उत्तर, कारण मुलाच्याच शब्दांत, ताळ्याची फेरी. "कारण" हा रकाना सगळ्यात रुंद आखा. एका मुलाला एका बैठकीत दोनपेक्षा जास्त चाचण्या नकोत, पंधरा मिनिटांत उरका. बाकीच्या मुलांना ऐकू जाणार नाही इतकं लांब बसवा, नाहीतर तिसऱ्या मुलापासून सगळ्यांची उत्तरं एकसारखी येतात.